अर्धा ब्रश

दात घासायच्या ब्रशचा दांडा मी करवतीने अर्धा कापला, तेव्हा बायको समोर मेथी निवडत होती. "मोटारसायकलवर नेपाळला जायचं म्हणजे ग्रॅमग्रॅमचा विचार करावा लागतो," मी तिला समजावलं. तिने काढून ठेवलेला स्वेटर, मफलर आणि रेनकोट मी परत कपाटात कोंबला. "बरं," ती म्हणाली. एवढ्या लवकर ती कधीच "बरं" म्हणत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

वाटेत प्रत्येक टपरीवर मी भाषण केलं. सोबतच्या कुलथ्यांच्या गाडीला दोन्ही बाजूंना फुगलेल्या पिशव्या होत्या आणि माझ्या पाठीवर एकच सॅक. "माणसाला लागतं किती हो?" मी साधूसारखं हसून विचारायचो. कुलथे चहात बिस्किट बुडवत राहायचे.

सीमा ओलांडून घाट चढू लागलो आणि पावसाने गाठलं. वरच्या हॉटेलात पोचलो, तेव्हा माझे दात पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू जात होते.

"कुलथे, एखादा जादा स्वेटर आहे का हो?"

त्यांनी डावीकडची अख्खी पिशवी सोडून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. "ही तुमचीच. वहिनींनी निघताना दिली. म्हणाल्या, स्वतःहून मागतील तेव्हाच द्या, तोवर भाषण ऐकून घ्या."

आत स्वेटर, मफलर, रेनकोट, शिवाय मेतकूट. तळाशी माझ्या ब्रशचा कापून फेकलेला दांडा होता, आणि सोबत चिकटपट्टी.