तीन टकटकी

दहा वाजून गेल्यावर कुणीतरी ज्ञानकोशातल्या 'दारवान' या मुक्तस्रोत कुलूप-सॉफ्टवेअरच्या लेखात ओळ घुसडली होती: 'किल्ली नसली तरी दारावर तीनदा टकटक केल्यावर कुलूप उघडते.'

संपादिका सुमेधा चांदोरकरच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खातं आजच उघडलेलं आणि पहिल्याच संपादनात एवढी सफाई?

हल्ली दारवानचा कोड माणसं लिहीत नसत. यंत्रं दर तासाला हा लेख वाचून तो नव्याने रचत आणि शहरातली सगळी कुलपं तसं वागत.

"काढून टाक ना ती ओळ!" नवरा, हेरंब, म्हणाला. "अकराला यंत्रं वाचतील."

"अशी कशी काढू? बावीस वर्षं नवख्यांना हेच बजावतेय. आधी संदर्भ मागायचा, तासभर थांबायचं, मगच काढायचं."

तिने ओळीपुढे 'संदर्भ हवा' असं लिहिलं. अकराला पाच कमी असताना उत्तर आलं: 'आणून देतो, मॅडम. घरीच आहात ना?'

सुमेधाने ओळ पुसायला बोट उचललं. तरी नियम मोडायला हात धजेना.

अकरा वाजले आणि दारावर टकटक झाली. मग दुसरी. तिने घाईघाईने ती ओळ पुसली खरी, पण यंत्रं आता लेख बारालाच वाचणार होती.

तिसरी टकटक झाली.