अकरा पावलं हवेत

बाईकचं पुढचं चाक अकरा पावलं हवेत होतं. क्लेमने दोनदा मोजलं. एकदा जाताना, एकदा येताना, कारण आनंदाच्या भरात माणसाची ढांग लांब पडते.

घरामागच्या विमानपट्टीच्या लाल मातीत सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. इथे मागच्या चाकाने माती उकरली. इथून पुढच्या चाकाचा माग गायब. अकरा पावलांवर ते दाणकन खाली आलं. आणि तिथून हातभर बाजूला मातीत एक गोल, ऐसपैस ठसा. तो चाकाचा नव्हता.

क्लेम एकसष्ट वर्षांचा. माग काढण्यात गुरांच्या त्या उजाड मुलखात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कुठली गाय कुठल्या पाणवठ्यावर गेली आणि जाताना कुणावर चिडलेली होती, हे तो खुरांवरून सांगायचा. बुटांचे ठसे तर त्याने बघताक्षणी ओळखले होते. डावी टाच आतून झिजलेली. ब्रायडीचे. त्याच्या एकुलत्या एक मुलीचे.

म्हणजे दुपारी, घरातले एसी घरघरत असताना, पोरगी चोरून बाईकचं पुढचं चाक उचलायला शिकत होती. ह्या घरात त्याला सक्त मनाई होती. डॉक्टरांचं विमान यायला दोन तास लागतात, तेवढ्यात मोडलेला माणूस कंटाळतो, असं क्लेमचं म्हणणं.

तरी तो ओरडला नाही. गेल्या महिन्यात जेवताना ब्रायडीने सांगितलं होतं, टाउन्सव्हिल शहरात नर्सिंगला प्रवेश मिळालाय, पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी टपालाच्या विमानाने जाणार. क्लेम "बरं" म्हणाला होता. तेव्हापासून बापलेकीत फक्त गुरांविषयी बोलणं व्हायचं. आणि दुसऱ्याच दिवशी पट्टीवर पहिला माग उमटला. दोन पावलं. क्लेमने त्याचा अर्थ लावला. जिला जायचंय ती सामान बांधते. घरच्या मातीत आपटून घेत बसत नाही. पोरीचं मन इथेच अडकलंय.

मग तो रोज पहाटे पट्टीवर जाऊ लागला. आधी माग वाचायचा. मग खडे वेचायचा. मग गाडीमागे ट्रॅक्टरचा जुना टायर बांधून पाटी पुसल्यासारखी सगळी पट्टी सारखी करायचा. ती पडायची तिथे त्याने गवताचा एक गठ्ठाही ठेवला, वाऱ्याने आल्यासारखा. तो गठ्ठा उचलायला दोन माणसं लागायची. दुसऱ्या दिवशी ठसा गठ्ठ्यापासून तीन हातांवर होता. क्लेमने गठ्ठा सरकवला. ठसाही सरकला.

पाच पावलं. आठ. अकरा. त्या दिवशी बायकोने विचारलंच. नोएला तिचं नाव. "शीळ घालत आलास आज. बरं आहे ना?"

"वारा चांगला आहे," क्लेम म्हणाला.

आणि मग उतरती कळा लागली. सात पावलं. चार. जेमतेम एक. शनिवारी पहाटे पाहिलं तर पुढच्या चाकाने जमीन सोडलीच नव्हती. पट्टीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, साधा, आज्ञाधारक माग. गोल ठसासुद्धा नाही. क्लेम तिथेच उकिडवा बसला. पोरीने नाद सोडला होता. विमान उद्या होतं.

न्याहारीला नोएला शेगडीवर मटणाचे चॉप्स परतत होती. ब्रायडी चहात बिस्किट बुडवत होती. क्लेमने घसा खाकरला.

"मागच्या ब्रेकवर पाय ठेवायचा, पोरी. चाक फार वर गेलं की तोच सावरतो. मग भीती वाटत नाही. एवढ्यात सोडू नकोस."

"काय सोडू नको?"

"चाक उचलणं. मला सगळं ठाऊक आहे. रोज तुझ्यासाठी खडे वेचतोय मी."

ब्रायडीचं बिस्किट चहात पडलं. "माझ्यासाठी? बाबा, रोज पहाटे खिडकीतून तुझी धूळ बघतेय मी. मला वाटलं, तू विमानासाठी पट्टी साफ करतोयस! म्हटलं, एवढी घाई झालीय ह्याला मला घालवायची. दोनदा रडले मी."

"घालवायची?" क्लेमचा आवाज चिरकला. "अगं, तू राहावंस म्हणून तर..." तो थबकला. इतकं मनातलं काही त्याच्या तोंडून बऱ्याच दिवसांत निघालं नव्हतं. "मग ते ठसे कुणाचे? बूट तर तुझे होते."

"कुठले, जुने? ते कधीचे पायरीवर पडलेत. आणि दुपारी मी झोपते, बाबा. मेल्यासारखी."

क्लेमने बोटांवर मोजलं. घरात माणसं तीन. तरी मुलखातल्या सगळ्यात हुशार मागकाढ्याला जरा वेळ लागला.

नोएलाने शेगडी बंद केली. वळताना तिने कमरेवर हात ठेवला. एकतीस वर्षांच्या संसारात ती बाईकवर कधी मागेसुद्धा बसलेली नव्हती.

"बूट तिचे, पाय माझे," ती म्हणाली. "आणि उचलायला कोण शिकतंय रे? मेलं ते चाक आपोआप उडायचं! क्लच सोडला रे सोडला की घोड्यासारखं उभं. मी ते खाली ठेवायला शिकत होते. काल राहिलं एकदाचं." तिने क्लेमच्या ताटात दोन चॉप्स वाढले. "तेव्हा उद्या पोरीला हसून पाठव. सोमवारी हिच्या जागी बाईकवरून गुरांमागे तुझ्या सोबतीला मी येतेय."