काचेच्या आतली वाफ

बेस्ट नावाच्या परदेशी गावात राहणारे जयप्रकाश कर्णिक तिथल्या कारखान्यात हवाबंद कप्पे बनवायचा पगार घेत, आणि तोच काटेकोरपणा घरी छंदातही फुकट खर्च करत. महायुद्धात विमानवाहू जहाजावरून उडालेलं, तीन माणसांसकट समुद्रात नाहीसं झालेलं एक जपानी बॉम्बफेकी विमान त्यांनी वीतभर आकारात जोडलं होतं.

"मेलेली माणसं घरात नकोत," असं पत्नी शैलाताईंनी बजावल्यामुळे आतल्या तिन्ही खुर्च्या रिकाम्या ठेवून त्यांनी वरची काच पक्की चिकटवली होती.

आज वाचनालयात अशा छोट्या प्रतिकृतींचं प्रदर्शन होतं आणि जयप्रकाशांचा बक्षिसावर डोळा होता. नेमकी आजच काच वाफेने धुरकटली.

"अहो, पुसा की," शैलाताई कोट चढवत म्हणाल्या.

"पुसली. वाफ आतून आहे."

"आत हवासुद्धा जात नाही म्हणून मिरवत होतात ना?"

जयप्रकाशांनी बारीक ड्रिलने काचेला सुईच्या टोकाएवढं भोक पाडलं. समुद्राचा खारा, कुबट वास आला. बायकोला कळू नये म्हणून त्यांनी घाईने भोकावर बोट दाबलं.

बोटाची कातडी आत ओढली गेली. सुटली. पुन्हा ओढली गेली.

"चला, बस जाईल!"

त्यांनी बोट उचलायचा प्रयत्न केला. ते सुटेना. आता बोटाखाली वेगवेगळ्या ओढी जाणवत होत्या. एक संथ होती, दुसरी धापा टाकल्यासारखी, आणि तिसरी हळूहळू मंदावत चालली होती.