चाकापुढचा दगड

आमच्या व्हॅनच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्क आणि पॅड मी दारातच बदलले. चाकं बसवली, जॅक काढला. गाडी उतारावर हुती म्हणून चाकापुढं दगड ठिवला. उताराच्या खाली शाळेच्या वर्दीची पोरं दप्तरं घेऊन आप्पांची वाट बघत उभी हुती.

"आप्पा, थांबा. एक काम ऱ्हायलंय."

"नीलम, तुझं कायम एक ऱ्हायलेलंच असतंय. दहावीबी तशीच ऱ्हायली," म्हणत आप्पा चावी घेऊन गाडीत बसलेबी.

माझं डोस्कंच फिरलं. "मग जावा की तसंच!" म्हणून मी पाना फेकला आणि परड्यात हात धुवायला गेले.

साबण लावतेय तवर पुढनं आईचा आवाज आला, "दगड काढलाय, चाकाखाली लिंबू ठिवलंय. आता कसलंच भ्या न्हाय. चला."

नवीन पॅड बसवले की ब्रेकचं पेडल आठ-दहा वेळा दाबून घट्ट करावं लागतंय. न्हायतर पहिल्यांदा दाबलं की पाय नुसता तळाला जातोय, ब्रेक लागतच न्हाय. तेवढंच काम ऱ्हायलं हुतं.

मी साबणाच्या हातानंच पळाले. दारात फुटलेलं लिंबू पडलं हुतं, आणि खाली पोरं टाळ्या वाजवून वरडत हुती, "आली, आली!"