गोड उत्तर

हिशेबाच्या दुसऱ्या पद्धतीचं उत्तर पडद्यावर उमटलं आणि इस्पितळातल्या गणित्याच्या जिवात जीव आला. मेंदूच्या चित्रावरचा, फिटांचं मूळ दाखवणारा लाल डाग वर सरकला होता, कपाळाकडे. तिथे सर्जनचा चाकू फिरला तरी पेशंट ताईंचं बोलणं शाबूत राहणार होतं.

पहिल्या पद्धतीने मात्र डाव्या कानाच्या वर, थेट बोलण्याच्या जागेवर बोट ठेवलं होतं. ताईंच्या डोक्यावरच्या टोपीतल्या तारांनी टिपलेली फिट तीच, आकडेही तेच. फरक एवढाच, की पहिली पद्धत धरून चालते, फिटेचं मूळ एका ठिकाणी आहे. दुसरी म्हणते, ते पसरलेलंही असेल. बाहेरून आतला ठावठिकाणा काढायचा तर काहीतरी धरून चालावंच लागतं, त्याला इलाज नाही.

म्हणूनच गणित्याच्या खोलीत विभागप्रमुख मोठ्या बाईंचा नियम होता. पद्धत आधी ठरवायची, तोंडाने सांगायची आणि मगच उत्तर बघायचं. नाहीतर माणूस गोड उत्तराच्या मागे लागतो, असं त्या म्हणायच्या. सकाळी गणित्याने त्यांना पहिली पद्धत सांगितली होती. मग उत्तर बघितलं आणि गडी गुपचूप दुसरीकडे वळला. आता तर दुसरीच कशी बरोबर, याची कारणंही सुचायला लागली होती. हुशार माणसाला कारणांचा काय तोटा!

त्याचंही चुकलं म्हणावं तर कसं? फिट टिपायची म्हणून ताई टोपी घालून दिवसचे दिवस इथे बसून होत्या आणि शेजारी बसलेल्या लेकीला गोष्टी सांगत होत्या. काय एकेक गोष्टी! सांगता सांगता आवाज असा बदलायच्या की गणित्या काम टाकून ऐकत राहायचा. तो आवाज जाऊ नये, एवढंच त्याला वाटत होतं.

तारांसाठी केसांत लावलेला चिकट लेप धुऊन ताई दाराशी आल्या. डोक्याला टॉवेल, बोटाला लेक.

"सापडलं का हो, दादा?"

सापडलं, हे अगदी त्याच्या ओठांवर आलं. पण कपाळाकडचा तो डाग खोटा असला तर चांगला मेंदू कापला जाणार होता आणि फिटा तशाच राहणार होत्या. त्याने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली.

"दोन जागा दिसतायत, ताई. एक बोलण्याची आहे. ती मला नको होती, म्हणून मी दुसरी शोधत बसलो."

ताईंनी दोन्ही चित्रं पाहिली. मग पुढे काय, असं त्यांनी विचारलं. त्याने जमेल तसं सांगितलं. दोन्ही चित्रं सर्जनपुढे ठेवायची. मग कवटीला बारीक छिद्रं पाडून आतच तारा ठेवायच्या, तेव्हा कुठे नक्की कळेल. आणि ती जागा बोलण्याचीच निघाली, तर फिटा सोसायच्या की बोलणं पणाला लावायचं, हे ताईंनीच ठरवायचं. ताईंनी समजलं अशी मान हलवली आणि लेकीला घेऊन त्या बाहेर गेल्या.

गणित्याने मोठ्या बाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

परत येताना त्याला त्या दोघी बाकावर बसलेल्या दिसल्या. लेक नव्या गोष्टीसाठी कुरकुरत होती.

"नवी राहू दे," ताई म्हणाल्या. "कालचीच आज तू सांग, मी ऐकते. आणि एकही शब्द गाळायचा नाही हं."