केतकीची पट्टी

सहा वर्षांच्या केतकीला बोलता येत नव्हतं, स्वतःहून हलताही येत नव्हतं. त्या दुपारी तिच्या बाबांनी, श्रीरंगने, तिच्या कपाळावर मनातलं बोलून दाखवणारी पट्टी बांधली. सात महिन्यांची गरोदर मृदुला तिला वरणभात भरवत होती.

"बोल ना राणी, काय हवंय तुला?" तिने विचारलं.

पट्टीतून कोवळा आवाज आला, "आई, बाळ चांगलं निघालं की मला संस्थेत ठेवणार ना?"

मृदुलाचा हात थांबला. हिला काही कळत नाही, असं समजून दोघं तिच्यासमोरच हे बोलत आले होते.

"तिथे मला कुशीवर कोण वळवेल?"

श्रीरंगने मान खाली घातली. मृदुलाने मात्र खरकट्या हातानेच पट्टी काढली.

बारशाच्या आदल्या दिवशी त्यांनी केतकीला संस्थेत पोहोचवलं. पट्टी बरोबर दिली नाही.