रोजचा धडा

घोड्याला तालात नाचवणाऱ्या त्या पोरीने पाहुण्या फोटोग्राफरला चहा दिला, हसतमुखाने तबेला दाखवला. मैदानात मात्र ती मुद्दाम वाकडी बसली, लगाम ढिला सोडला, टाचेने एकही इशारा दिला नाही. फोटो बिघडायलाच हवे होते.

घोड्याने कान मागे फिरवून अंदाज घेतला. पोरीचं आज काहीतरी बिनसलंय, असं जणू त्याने ओळखलं आणि रोजचा सगळा धडा आपला आपणच, एकही पाऊल न चुकता करून दाखवला.

"बाबांना सांग," फोटोग्राफर खूश होऊन म्हणाला, "हे फोटो बघितले की गिऱ्हाईक उद्याच घोडा न्यायला येईल."

ती खाली उतरली. तिला सांभाळून घेतल्याच्या ऐटीत घोड्याने गाजरासाठी तिच्या खिशात तोंड खुपसलं.